एकट्या मुसाफिराला अर्धी प्लेट मिळाली पाहिजे

व्यापाऱ्याला प्रवास चुकत नाही. त्यातून कापडाचा व्यापारी असेल तर तो वर्षातून किती वेळा मुंबईला जातो, हे त्याच्या घरच्यांनाच विचारावे. रमजान ईद, दिवाळी, लग्नसराई, शाळा उघडण्याचा हंगाम, प्रत्येक वेळी माल पाहायला जावेच लागते. हल्ली फोनवर नमुन्यांचे फोटो येतात हे खरे, पण कापड चिमटीत धरल्याशिवाय त्याचा पोत कळत नाही. आणि हा प्रवास बहुतेक वेळा एकट्यानेच करावा लागतो, कारण मागे दुकानात कोणीतरी बसलेच पाहिजे. भाडे, हमाली, दलाली, बिल्टी या साऱ्या खर्चाची आपण वहीत नोंद ठेवतो. एका गोष्टीचा मात्र कोणी विचार करीत नाही. ती म्हणजे परक्या शहरात एकट्या माणसाने जेवायचे काय, कोठे आणि किती?

आपल्या व्यापारी बांधवांची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. सकाळी स्टेशनवर चहा, दुकानात बसल्यावर शेठजींनी मागविलेला पुन्हा चहा, दुपारी तीन वाजता उभ्या उभ्या वडापाव आणि रात्री गाडी पकडण्यापूर्वी हाताला लागेल ते. किंवा याच्या अगदी उलट. मुंबईला आलोच आहोत तर होऊन जाऊ द्या, म्हणून एका बैठकीत इतके खायचे की दुसरा दिवस लॉजवर झोपून काढायचा. दोन्ही प्रकारांत नुकसान धंद्याचेच होते. भुकेल्या पोटी माणूस भाव नीट करीत नाही, लवकर उरकण्याच्या घाईत माल उचलतो. आणि परगावी एकटा माणूस आजारी पडला तर पाण्याचा पेला देणारेही जवळ कोणी नसते.

आमच्या परिचयाचे एक यंत्रमागधारक मधुमेहाची गोळी घेऊन बाजारात शिरले आणि जेवण राहून गेले. चौथ्या दुकानात त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. तेथील मुनीमजींनी प्रसंग ओळखून साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. ही एकट्याचीच गोष्ट आहे असे कोणी समजू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यात आपल्या बाजारातली, गादीवर दिवसभर बसणारी माणसे किती असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

म्हणून आमचे मत असे आहे की, मुसाफिरीतले जेवण व्यापाऱ्याने माल खरेदीइतक्याच जागरूकपणे ठरवावे. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्याच हॉटेलवाल्या आणि मिठाईवाल्या बांधवांनी एकट्या गिऱ्हाइकाकडे पाठ फिरविली आहे. त्यांनी ती फिरवू नये, यात त्यांचाही फायदा आहे.

एकट्यांचे शहर

मुंबईचे बाजारातले जेवण हे मुळात एकट्या माणसासाठीच उभे राहिले आहे, हे आपण विसरत चाललो आहोत. कोकणातून, घाटावरून, उत्तरेकडून माणसे बायकामुलांना गावी ठेवून येथे आली. गिरणीत साचा चालवायचा, दहा जणांनी मिळून एका खोलीत राहायचे आणि महिन्याच्या हिशोबाने खानावळीत जेवायचे. या खानावळी गिरणगावातल्या बायकांनी चालविल्या. त्याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि ताट वाढून घेणारे हात कमी झाले. ज्या कापडावर आपण पोट भरतो, त्या कापडामागे अशी ताटे होती.

इराणी हॉटेलचेही तसेच. संगमरवरी टेबल, एक कप चहा, एक ब्रून मस्का. हे माप एका माणसाचे आहे. धोबी तलावचे कयानी १९०४ सालापासून हेच माप देत आले आहे. समोर अनोळखी माणूस येऊन बसला तर कोणी कपाळाला आठ्या घालीत नसे. भेंडी बाजाराच्या जुन्या हॉटेलांतही एकाच टेबलावर मालेगावचा विणकर, भिवंडीचा यंत्रमागवाला आणि गुजरातचा दलाल शेजारी शेजारी बसत. किती सौदे अशा टेबलांवर जुळले असतील!

सकाळ, दुपार, संध्याकाळ

आता प्रत्यक्ष दिवसाचा हिशोब पाहू. मराठवाड्यातून देवगिरी एक्स्प्रेसने येणारा व्यापारी सकाळीच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. मुळजी जेठा मार्केट आणि मंगलदास मार्केटमध्ये खरा व्यवहार सुरू व्हायला मात्र अकरा तरी वाजतात. हे मधले तास फुकट घालविण्यापेक्षा निवांत न्याहारीत घालवावेत. ज्याला हलके हवे त्याने इराण्याकडे अंडी, पाव आणि चहा घ्यावा. ज्याला भरभक्कम हवे त्याने मोहम्मद अली रोडने भेंडी बाजार गाठावा. तेथे १९२३ साली सुरू झालेले नूर मोहम्मदी हॉटेल नल्ली निहारीसाठी प्रसिद्ध आहे. निहारी हा मुळात सकाळचाच पदार्थ आहे. ‘नहार’ म्हणजे दिवस, त्यावरून हे नाव पडले. रात्रभर मंद आचेवर शिजलेले मांस, दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याला पुरेल असे. आपण मात्र दिवसभर बसून कापड पाहणार, तेव्हा एक वाटी आणि एक नान पुरे. तूप वरून आणखी सोडायला सांगू नये.

दुपारचा प्रश्न जास्त अवघड असतो. मार्केटमधून बाहेर पडून लांब जायला वेळ नसतो, आणि गल्लीतल्या प्रत्येक पाटीवर ‘हलाल’ लिहिलेले असले तरी मनाची खात्री होतेच असे नाही. अशा वेळी आमचा सल्ला साधा आहे. शंका असेल तर शाकाहारी थाळी घ्यावी. काळबादेवी हा गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांचा भाग. त्यांनी आपल्या माणसांसाठी उत्तम भोजनालये उभी केली आहेत. १९४५ पासूनचे ठाकर भोजनालय तेथेच आहे. झवेरी बाजाराच्या बाजूला भगत ताराचंद आहे. त्याची सुरुवात १८९५ साली कराचीत झाली आणि फाळणीनंतर ते नाव मुंबईत आले. गरम फुलका, डाळ, भाजी, ताक. थाळी म्हणजे एका माणसाचे पूर्ण जेवण. एकटा आलात म्हणून तेथे कोणी चमत्कारिक नजरेने पाहत नाही. फक्त वाढपी आग्रह करू लागला की ताटावर हात आडवा धरावा. भरपेट थाळीनंतर सुरतच्या मालाचे पंचवीस ताके डोळ्यांसमोरून गेले तरी एकही लक्षात राहत नाही.

चांगली जागा ओळखावी कशी, असे पुष्कळ जण विचारतात. फोनवरचे तारे पाहून जाणारे आता वाढले आहेत. आम्ही हमालांना विचारतो. दिवसभर पाठीवर गठडी वाहणारा माणूस शिळे खाऊन चालत नाही, आणि महाग खाणे त्याला परवडत नाही. तो जेथे जेवतो तेथे अन्न ताजे असते आणि माल झपाट्याने खपतो. दुसरी खूण पदार्थांची यादी. चार पदार्थ करणारा ते चार पदार्थ रोज करतो, दीडशे पदार्थ लिहिणाऱ्याकडे निम्मे फ्रीजमधून निघतात. तिसरी खूण पैसे घेणारा हात. नोटा मोजणारा आणि पाव देणारा हात एकच असेल तर पुढच्या दुकानात जावे. पाणी मात्र सीलबंद बाटलीचे किंवा आपल्या घरचे.

संध्याकाळी काम आटोपल्यावर मुंबई खरी खुलते. बोहरी मोहल्ल्यात बारा हंडीची दुकाने आहेत. एका ओट्यात बसविलेल्या हंड्यांत पाया, निहारी, भेजा वगैरे रात्रभर शिजत असते आणि मागाल तसे दोन-तीन हंड्यांतले एकत्र करून वाटीत मिळते. ही पद्धत एकट्या माणसासाठी किती सोयीची आहे पाहा. एका वाटीत तीन पदार्थांची चव, आणि पोटावर भार एकाच वाटीचा. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो काळबादेवीला थांबते, त्यामुळे लॉज लांब उपनगरात असला तरी रात्री परतण्याची चिंता राहिलेली नाही.

गोड खावे, पण मापाने

गोडाशिवाय मुसाफिरी पुरी होत नाही, आणि मिनारा मशिदीच्या आसपास गोडाला तोटा नाही. येथे एकट्याला सर्वांत जास्त न्याय देणारा पदार्थ म्हणजे फिरनी. दूध आणि भरड वाटलेला तांदूळ शिजवून मातीच्या उथळ भांड्यात ती थंड केली जाते. माती जादा पाणी शोषून घेते म्हणून ती घट्ट बसते आणि तिला मातीचा मंद वास येतो. एक भांडे, एक माणूस, हिशोब चोख. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या बादशाहचा फालुदा १९०५ पासून चालत आला आहे. तोही एका ग्लासाचा मामला, मात्र तो जेवणानंतर नव्हे तर जेवणाऐवजी घ्यावा असा. बोहरी मोहल्ल्यातील ताज आइस्क्रीमवाले आपला वारसा १८८७ पासूनचा सांगतात. त्यांचे हाताने फिरविलेल्या संचातले फळांचे आइस्क्रीम एका लहान प्लेटीत मिळते.

मालपुवा आणि मावा जिलेबी मात्र जपून. मावा जिलेबी मूळची बऱ्हाणपूरची. तापीकाठचे ते शहरही आपल्यासारखेच विणकरांचे. काळसर, जाड, पाकाने भरलेली अशी ती जिलेबी एक पुरे, दोन म्हणजे दोन भाकऱ्या. रमजानमध्ये रात्री या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. अशा वेळी मोठ्या परातीतला मालपुवा पाहून एकट्या माणसाला मोह होतो, आणि एवढा मोठा मालपुवा एकट्याने खायचा कसा हा प्रश्नही पडतो. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या एकट्या माणसाला ‘भाईजान, आधा-आधा?’ असे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. आम्ही असे विचारले आहे, आणि कोणी नाही म्हटलेले नाही.

घरी नेण्याचा डबा ही वेगळी गोष्ट. रिकाम्या हाताने घरी जाता येत नाही. येथे कापडवाल्याने आपली व्यापारी नजर वापरावी. दूर जायचे असेल तर मलईची आणि रसाची मिठाई नेऊ नये. सुलेमान उस्मान मिठाईवाला यांचे दुकान १९३६ पासूनचे, आणि त्यांचे अफलातून प्रसिद्ध आहे. मावा, अंडी, रवा, तूप आणि सुकामेवा भाजून केलेली ही मिठाई मलईच्या मिठाईपेक्षा पुष्कळ टिकते. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटापुढेही ती कोणत्या तारखेपर्यंत खावी, याची पाटी लावणे सक्तीचे आहे. ती पाटी वाचावी, नसेल तर विचारावे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मार्गदर्शक यादीत कलाकंद त्याच दिवशी संपवावा, रसगुल्ल्यासारखी मिठाई दोन दिवसांत आणि माव्याची चार दिवसांत संपवावी असे सांगितले आहे. आणि वजन करताना रिकामा डबा काट्यावर अगोदर ठेवायला लावावा. कागदी नळीसकट ताका मोजून दिला तर आपण चालवून घेऊ काय? मग पुठ्ठ्याचे पैसे मिठाईच्या भावाने का द्यायचे?

हॉटेलवाल्या बांधवांना दोन शब्द

येथपर्यंत मुसाफिराचे झाले. आता दुसरी बाजू. गेल्या काही वर्षांत आपल्या मोहल्ल्यांतील हॉटेलांचे रूप बदलले आहे. वातानुकूलित खोल्या झाल्या, रोषणाई आली, याचा आनंदच आहे. पण पदार्थाचे माप वाढत गेले. पूर्ण हंडी, अर्धी कोंबडी, चौघांची बिर्याणी, आठ जणांचा थाळ. बोहरा बांधवांचा एका थाळाभोवती बसून जेवण्याचा रिवाज सुंदर आहे, कुटुंबाला आणि दोस्तमंडळींना तो शोभतो. परंतु एकटा माणूस त्या थाळापुढे काय करणार?

एका मोठ्या हॉटेलात आम्ही एकटे गेलो. ‘कितने आदमी?’ या प्रश्नाला ‘अकेला’ असे उत्तर देताच आम्हाला हात धुण्याच्या नळाशेजारचे टेबल दाखविण्यात आले. अर्धी प्लेट विचारली तर ‘बंद केली’ असे उत्तर आले. पूर्ण प्लेट मागविली, निम्मी उरली. अन्न टाकून देणे आपल्याला मंजूर नाही, आणि लॉजवर नेऊन ठेवायला फ्रीज नाही. दुसऱ्या एका मिठाईच्या दुकानात पाव किलो मागितल्यावर काउंटरवरच्या पोराने अर्ध्या किलोखाली डबा नाही असे सांगितले. आपल्या दुकानात कोणी दोन मीटर कापड मागितले तर आपण त्याला पूर्ण ताका घ्या असे म्हणतो काय?

कोणी म्हणेल, एकटे गिऱ्हाईक म्हणजे चार खुर्च्या अडवून शंभर रुपयांचे बिल. हा हिशोब चुकीचा आहे. समजा, चार खुर्च्यांच्या टेबलावर एक कुटुंब दीड तास बसले आणि १२०० रुपयांचे बिल झाले. एकटा मुसाफिर घाईत असतो, तो वीस-पंचवीस मिनिटांत उठतो. त्याच दीड तासात त्याच चार खुर्च्यांवर एकटी माणसे चार वेळा बदलली तर सोळा जण जेवतील. प्रत्येकी १२० धरले तरी १९२० रुपये होतात. अट एकच, टेबल वाटून बसण्याची जुनी पद्धत परत आणली पाहिजे. शिवाय कुटुंब येते ते रात्री किंवा सुटीच्या दिवशी. दुपारी बारा ते चार जेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात, तेव्हा येणारा हाच एकटा व्यापारी असतो. तो पंधरा दिवसांनी पुन्हा येणार असतो आणि गावी जाऊन दहा जणांना तुमचे नाव सांगणार असतो.

अर्धी प्लेट निम्म्या भावाला द्या असेही आमचे म्हणणे नाही. पूर्ण प्लेट २०० ची असेल तर अर्धी १२० ला द्या. गॅस, भांडी आणि नोकर यांचा खर्च निघेल आणि गिऱ्हाईकही समाधानाने देईल. भाव भिंतीवर मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि उर्दूत लिहा. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना आणि गावाकडून आलेल्यांना इंग्रजी मेनू पुढे टाकला की भाव विचारण्याची लाज वाटते, आणि लाजेपोटी माणूस पुन्हा येत नाही. सर्व्हिस चार्ज बिलात परस्पर लावू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच त्यास मनाई केली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई कायम ठेवली. मिठाईवाल्यांनी शंभर ग्रॅमचा, चार तुकड्यांचा डबा ठेवावा. मधुमेही माणूसही एक तुकडा खातो, पण अर्ध्या किलोचा डबा पाहून तो दुकानात शिरतच नाही.

आणखी एक गोष्ट. आता आपल्या मुली आणि सुनाही या धंद्यात उतरल्या आहेत. कोणी शिवणकामाचा उद्योग करते, कोणी घरातून ड्रेस मटेरिअल विकते. त्या मंगलदास मार्केटला एकट्या येतात. हॉटेलात ‘फॅमिली रूम’ माळ्यावर असते आणि एकटी बाई आली की नोकर गोंधळतो, खाली बसवावे की वर? परिणाम असा की, बिचारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बिस्किटाच्या पुड्यावर काढते. तिला स्वच्छ टेबल, स्वच्छ स्वच्छतागृह आणि अदबीने बोलणारा नोकर एवढेच हवे आहे. ज्या हॉटेलात एकटी बाई निर्धास्त जेवते, त्या हॉटेलात कुटुंबेही विश्वासाने येतात.

मुसाफिराची खातर करणे ही आपल्याकडे नेकी मानली गेली आहे. येथे तर कोणी फुकट मागत नाही. पैसे देऊन, एका माणसापुरते, ताजे अन्न मागत आहे. व्यापारी बांधवांनी पुढच्या फेरीला न्याहारी आणि दुपारचे जेवण यांची वेळ मालाच्या यादीबरोबरच लिहून निघावे. हॉटेलवाल्या बांधवांनी येत्या हंगामापूर्वी दारावर एक पाटी लावावी, ‘येथे अर्धी प्लेट मिळेल’. सुरुवात दोन-चार दुकानांनी केली तरी पुरे. बाजारात चांगल्या मालाची बातमी पोहोचायला वेळ लागत नाही.